५७ किलोची गदा कुठाय?

२०१८च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी आमच्या जालन्यात, आझाद मैदानावर झाली. नवीन जालन्यातून आम्ही चार पोरं गेलो होतो. फायनलला बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवलं, गदा उचलली, आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्याच स्पर्धेत ५७ किलोत कोण जिंकलं? मला आठवत नाही. तिथे असूनही.

कारण गदेसाठी लढायचं तर ८६ ते १२५ किलोच्या गटात असावं लागतं. खालच्यांना पदक मिळतं. ‘केसरी’ कुणी म्हणत नाही.

आता खाशाबा जाधव आठवा. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गट ५७ किलो. म्हणजे आज ते गदेसाठी नाव नोंदवायला गेले, तर काट्यावरूनच परत. २९ किलो कमी! पोस्टरवर मात्र आपण त्यांचाच फोटो लावतो.

आणि आपण डब्ल्यूडब्ल्यूईला हसतो. तिथे सगळं ठरलेलं, २००७मध्ये खलीला चॅम्पियन केलं ते उंचीवर, वगैरे. खरंय. पण त्याच धंद्यात चारचौघांसारख्या अंगाच्या डॅनियल ब्रायनसाठी लोक महिनोन् महिने ‘येस! येस!’ ओरडले, आणि २०१४च्या रेसलमेनियात कंपनीला त्याला जिंकवावं लागलं. आपली कुस्ती खरी, गुण खरे. पण बारक्यासाठी ओरडायला कुणी नाही.

जत्रेच्या फडात तर काटाही नसतो, जोड नजरेनेच लावतात. तालमीत दोन वर्षं घाम गाळून मी एका फडात उतरलो. पंचांनी मला वरखाली बघितलं आणि रेवड्यांच्या कुस्तीत ढकललं, शाळकरी पोरांत. जिंकलो. रेवड्या घरी पोचेपर्यंत संपल्या.

मोठ्या पैलवानांशी माझं भांडण नाही. बाला रफिक काही नुसत्या अंगावर जिंकला नाही. पण ‘राज्यातला सगळ्यात भारी मल्ल’ ठरवताना भारी म्हणजे वजनदार, हे कुणी ठरवलं? लोकांना धिप्पाड गडीच बघायचाय, असं आयोजक म्हणतात. अहो, दुसरं दाखवलंत कधी? हलक्या गटांच्या कुस्त्या भर दुपारी, रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकायच्या आणि मग गर्दी नाही म्हणायचं.

दर वजनाला गदा द्या. ५७ची फायनल त्याच रात्री, त्याच दिव्यांखाली लावा. मी पुढच्या रांगेत असेन, मोबाईल खिशात ठेवून.