अंथरूण कुणाचे, निर्णय कुणाचा?



भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे अनेक लहान कारखाने आहेत. त्यातल्या एका ठिकाणी भांडी पुसून खोक्यात भरण्याचे काम करणारी एक बाई गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात आली. म्हणजे तिला आणले गेले. तक्रार तिची नव्हती, सासरच्यांची होती. नवरा मान खाली घालून बसला होता. बोलत होत्या सासूबाई.

"ताई, आमच्याकडे मारहाण नाही, दारू नाही. पण ही चार महिने झाले अंथरूण वेगळं घालते. ओट्याजवळ लेकीच्या पलीकडे झोपते. मग लग्न कशाला केलं?"

तुम्हाला हे कसे कळले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "एकच तर खोली आहे."

आता मी जे केले ते कबूल करते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन, इतकी वर्षे काम करूनही माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते तिला उद्देशून: "जरा समजुतीनं घेता येईल का?" तिने माझ्याकडे पाहिले आणि ती गप्प झाली. दोघांना बाहेर बसवून मी तिच्याशी एकटीशी बोलले, तेव्हा ती म्हणाली, "रात्री साडेअकराला पाठ टेकते, पहाटे साडेचारला पाणी येतं. मला झोप हवी. आणि जवळ झोपलं की नको म्हटलेलं ऐकलं जात नाही. म्हणून लांब झोपते."

अंथरुणाचा प्रश्न म्हणजे एवढाच, आणि एवढा मोठा.

नवरा-बायकोने वेगळे झोपावे की नाही, असा प्रश्न हल्ली मासिकांतून चर्चेला येतो. घोरणे, पाळीची नोकरी, तान्हे मूल अशी कारणे दिली जातात. मीरा रोडच्या नव्या इमारतींत दोन बेडरूमच्या घरात तो सोयीचा प्रश्न असेल. पण गिरगाव-लालबागची खोली सोडून इकडे आलेली कितीतरी कुटुंबे आजही एका खोलीत राहतात. तिथे वेगळे झोपणे म्हणजे हातभर लांब चटई टाकणे. आणि तेवढ्या हातभर अंतराचाही पंचनामा होतो.

गंमत अशी की वेगळे अंथरूण आपल्या परंपरेला मुळीच नवे नाही. पाळीच्या चार दिवसांत बाईला बाजूला बसवले गेले, बाळंतपणाला महिनोन्‌महिने माहेरी धाडले गेले, व्रतवैकल्यांत दूर ठेवले गेले. तेव्हा लग्न मोडत नव्हते. कारण तो नियम विटाळाचा होता, तिच्या इच्छेचा नव्हता. तिने स्वतः "नको" म्हणून चटई सरकवली की मात्र घर बुडते!

हे "नको" सर्वांत मोठ्याने उच्चारले गेले ते याच मुंबईत. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले होते. त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये आदेश निघाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. पुढे रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

वैवाहिक हक्कांचा हा दावा मूळचा इंग्रजांचा. त्यांनी आपल्या देशात तो १९७० च्या कायद्याने रद्द केला. आपण मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून जपून ठेवला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले.

आमच्याकडे आलेल्या सासूबाईही उठताना म्हणाल्या, "वकिलाशी बोललोय. माहेरी गेली तर नोटीस पाठवू."

आणि फौजदारी कायदा? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण जुना अपवाद तिनेही ठेवला. अठरा वर्षांवरच्या पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती कलम ६३ नुसार बलात्कार ठरत नाही. पत्नी वेगळी राहत असेल, तर मात्र कलम ६७ नुसार तो गुन्हा आहे. म्हणजे घर वेगळे केले तर कायद्याला तिचा नकार ऐकू येतो. एकाच खोलीत चटई वेगळी केली तर येत नाही. जिला वेगळे घर परवडत नाही, तिने काय करायचे?

काही मैत्रिणी विचारतील, मग नवऱ्याच्या इच्छेचे काय? जवळीक हवी वाटणे हा गुन्हा नाही. दीर्घकाळ दुरावा राहिला तर नाते कोरडे पडते, हेही खरे. बायकोला अद्दल घडवण्यासाठी तिला अंथरुणावरून उठवणारे नवरे आपण पाहिले आहेत, तोही छळच आहे. म्हणून वेगळे झोपा किंवा एकत्र झोपा, असा फतवा आम्हाला काढायचा नाही. दोघांचे पटत नसेल तर बोलावे, मदत घ्यावी, वेगळेही व्हावे. पण इच्छा मागता येते, वसूल करता येत नाही.

माझ्या स्वतःच्या घरीही मूल झाल्यापासून आम्ही वेगळे झोपतो. दोघांच्या संमतीने. तरी सासरचे पाहुणे आले की आम्ही गाद्या शेजारी-शेजारी घालतो. अशी लाज मला अजून वाटते, तर त्या बाईने एका खोलीत, सासूच्या देखत चटई सरकवली, ती हिंमत केवढी!

गटांत काम करणाऱ्यांना एवढेच सांगणे: "ती वेगळी झोपते" अशी तक्रार आली, तर आधी तिच्याशी एकटीशी बोला. समेटाची घाई करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही हिंसा मानला आहे, हे तिला सांगा. त्याखाली संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागता येतो. कलम ९ च्या नोटिशीने घाबरू नका, नांदायला न जाण्याचे सबळ कारण न्यायालयात मांडता येते. असे कारण असेल, तर निकाल विरुद्ध गेला तरी पोटगीचा हक्क आपोआप जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

त्या बाईच्या नवऱ्याशी नंतर तीनदा बोलणे झाले. तिसऱ्या वेळी तो आईला न घेता आला. म्हणाला, "तिला इतकं वाईट वाटत असेल, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं." तिने सांगितले होते. त्याने ऐकले नव्हते. ती अजून लेकीच्या पलीकडेच झोपते. पहाटेचे पाणी आता दिवसाआड तो भरतो.

तुमच्या वस्तीत, तुमच्या घरात अंथरुणाचा निर्णय कोण घेते? जरूर लिहा. नाव छापणार नाही.