शिबिरास मांजर न्यावें काय?

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांनीं चार दिवस डोंगरांत जाऊन तंबूंत राहावें, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवावा, पहांटे पक्ष्यांचे आवाज ओळखावे, ही चाल आम्हांस फार प्रिय आहे. तिच्याविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु अलीकडे कांहीं हौशी लोक आपलें पाळीव मांजर छातीस पट्टा बांधून किंवा पाठीवरील पिशवींत बसवून शिबिरास नेऊं लागले आहेत. त्यांचीं छायाचित्रें विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत येतात, आणि मग "गुरुजी, आमची मनी आणूं का?" असा प्रश्न वर्गांत निघतो. या प्रश्नास आमचें उत्तर 'नको' असें आहे. तें कां, हें सांगितल्यावांचून नुसती मनाई करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचें, असें म्हणण्याची रीत आहे, व तींत पुष्कळ तथ्य आहे. खेड्यांत नकोसें झालेलें मांजर पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येतात, आणि दोन दिवसांनीं तेंच मांजर चुलीपाशीं अंग चाटीत बसलेलें आढळतें. त्याच्या गालांत गंधग्रंथि असतात. दाराची चौकट, खाटेचा पाय, तुमची पोटरी, सर्वांस गाल घासून तें आपला वास लावून ठेवतें. हें वासाचें घर एकाएकीं नाहींसें झालें कीं तें भेदरतें. शास्त्राभ्यासी विद्यार्थ्यांस येथें एक मौज सांगतों. अपॉक्रिफा ग्रंथांत तोबिया प्रवासास निघाला तेव्हां त्याचा कुत्रा त्याच्याबरोबर चालत गेला अशी कथा आहे. आणि त्याच ग्रंथसमूहांतील यिर्मयाच्या पत्रांत मांजर भेटतें, तें मात्र बाबेलच्या देवळांत स्वस्थ बसलेलें!

यावर कोणी इतिहासप्रिय विद्यार्थी म्हणेल कीं, मांजरें तर गलबतांतून जगभर हिंडलीं. खरें आहे. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज कप्तानानें १८०२-०३ सालीं ऑस्ट्रेलियास प्रदक्षिणा घातली, तेव्हां ट्रिम नांवाचा काळा, पांढऱ्या पंजांचा बोका त्याच्यासंगें होता. तो समुद्रांत पडला तरी पोहून दोराच्या आधारानें वर चढे, इतका जहाजास सरावलेला. पुढें फ्लिंडर्स मॉरिशस बेटांत फ्रेंचांच्या कैदेंत अडकला, व ट्रिम तेथील एका बाईच्या घरीं ठेवण्यांत आला. पंधरवडाही लोटला नाहीं तोंच तो बेपत्ता झाला. भर समुद्रांत जो हरवला नाहीं, तो जमिनीवर, परक्या अंगणांत हरवला. फ्लिंडर्सनें १८०९ सालीं कैदेंतच त्याची आठवण लिहून काढली.

दुसरें उदाहरण याहून कठोर आहे. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवाकडील सफरींत 'एन्ड्युरन्स' जहाजावर हॅरी मॅकनिश नांवाच्या सुताराचा एक बोका होता. नांव 'मिसेस चिपी'. तो बोका आहे हें कळण्यापूर्वींच बारसें झालें होतें. जहाज बर्फांत चेपलें गेलें, आणि २७ ऑक्टोबर १९१५ रोजीं सर्वांस तें सोडून बर्फावर तंबू ठोकावे लागले. दोनच दिवसांनीं शॅकल्टनच्या हुकुमानें त्या बोक्यास व कुत्र्यांच्या पिल्लांस गोळी घालण्यांत आली. अन्न मोजकें होतें, ओझें ओढून न्यावयाचें होतें. शॅकल्टनला आम्ही क्रूर म्हणणार नाहीं. आपल्यासुद्धां अठ्ठावीस माणसें त्यानें जिवंत परत आणलीं. पण मॅकनिश तो प्रसंग कधीं विसरला नाहीं. १९३० सालीं तो न्यूझीलंडांत वारला; वेलिंग्टन येथील त्याच्या कबरीवर २००४ सालीं त्या बोक्याची ब्राँझची मूर्ति बसविण्यांत आली.

जहाज हालतें खरें, पण तें घर असतें. त्याच्या भिंती रोज त्याच असतात. तंबू हें घर नव्हे.

आमचीं शिबिरें ध्रुवावर भरत नाहींत, सह्याद्रींत भरतात, हें आम्ही जाणतों. परंतु तेथें बिबट्या आहे, व गांवकुसाजवळचीं कुत्रीं-मांजरें त्याच्या तोंडीं जातात. फुरसें आहे, घोणस आहे. वळवाचा एक गडगडाट झाला कीं बुजलेलें मांजर पट्ट्यांतून अंग सोडवून अंधारांत नाहींसें होईल, आणि चाळीस मुलें कंदील व विजेऱ्या घेऊन त्याला शोधीत कड्याकडे धांवतील. या कल्पनेनेंच कोणाही शिक्षकाची झोंप उडावी. शिवाय गोचिडांसाठीं कुत्र्यांस लावतात तें पर्मेथ्रीन नांवाचें औषध मांजरास विष होतें. तापावर आपण घेतों ती पॅरासिटामोलची गोळी तर एकच पुरे. शिबिराच्या औषधपेटींत या वस्तु असावयाच्याच.

आणि रानाचें काय? ज्या पाखरांचीं घरटीं पाहण्यास आपण जातों, त्यांत हा पाहुणा कशासाठीं? आपल्या डोंगरांत वाघाटी नांवाचें चिमुकलें रानमांजर आहे. वजन एक-दीड किलो, जगांतील सर्वांत लहान मार्जारांपैकीं एक. घरगुती मांजरांचे रोग अशा रानमार्जारांस जडूं शकतात. स्कॉटलंड देश, जेथून आपल्याकडे पुष्कळ मिशनरी गुरुजन आले, तेथील रानमांजर घरमांजरांशीं संकर होऊन जवळजवळ नामशेष झालें; शेवटीं २०२३ सालीं पिंजऱ्यांत वाढविलेलीं रानमांजरें केर्नगॉर्म पर्वतांत सोडावीं लागलीं. तेथें हें शिबिरकरी मांजरांनीं केलें असें नव्हे. मोकाट फिरणाऱ्यांनीं केलें. पण शिबिरांतून निसटलेलें मांजरही मोकाटच नव्हे काय?

पिल्लूपणापासून पट्ट्याची संवय लावलेलें एखादें मांजर आपल्या धन्याबरोबर सुखानें हिंडत असेल; त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. शाळेचें शिबिर मात्र निराळें.

आतां घरीं ठेवावयाचें म्हणजे आठवड्याचें दूध एका ताटलींत ओतून कुलूप लावणें नव्हे; तें दूध दुपारींच नासेल. शेजारच्या आजीबाईंस आधीं दोन दिवस घरीं बोलवावें, मनीस त्यांच्या हातचें खाऊं द्यावें, मग किल्ली द्यावी. पाणी रोज बदलावयास सांगावें. मनीची रोजची गोणपाटाची घडी धुवूं नये, तिचा वास राहूं द्यावा. आणि परततांना आजीबाईंसाठीं पळसाच्या द्रोणांत करवंदें आणण्यास विसरूं नये.