नाही, नाही, नाही... आणि खाली सही

डिसेंबर जवळ आला की दवाखान्यात एका वेगळ्याच जातीचे पेशंट दिसू लागतात. यांना काहीही होत नसतं. तिकिटं काढून झालेली असतात, हॉटेलं ठरलेली असतात, नव्या टोप्या आणि गॉगलसुद्धा आलेले असतात. शाळांना नाताळची सुट्टी लागली की अंदमान, नाहीतर मालदीव, फुकेत, बाली, मॉरिशस. दवाखान्यात येण्याचं कारण एकच. 'डॉक्टर, ते स्कूबाचं सर्टिफिकेट मागतायत. नुसती सही हवीय.'

ही 'नुसती सही' मला फार खटकते. आज त्यावरच बोलायचं आहे, आणि जरा कडक बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. सुट्टीला माझा विरोध नाही. बेटांना तर मुळीच नाही. टोरांटोतला मराठी माणूस बर्फ उपसून वैतागतो आणि डिसेंबरात ऊन शोधत निघतो, हे मला समजतं. ठाण्यातला माणूस कुठल्या थंडीपासून पळतो ते मात्र कळत नाही. पण असो, हौसेला कारण लागत नाही. माझं भांडण आहे ते एका कागदाशी, आणि तो कागद आपण ज्या पद्धतीनं भरतो त्या पद्धतीशी.

स्कूबा डायव्हिंगच्या आधी एक आरोग्यविषयक प्रश्नावली भरून द्यावी लागते. जगभर तिचा नमुना साधारण सारखाच असतो. दमा आहे का? फिट येतात का? हृदयाचं काही? मधुमेह? कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन? गर्भवती आहात का? वय ४५ च्या पुढे असेल आणि जोडीला बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट असं काही असेल तर तेही विचारतात. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर डॉक्टरांनी तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा त्याचा साधा अर्थ.

आता किनाऱ्यावर काय घडतं? तिथला मुलगा क्लिपबोर्ड पुढे करतो आणि सांगतो, 'सर, सगळीकडे नो करा, नाहीतर करता येणार नाही.' मागे रांग असते, पैसे आगाऊ भरलेले असतात, मुलं खांद्याला हिसके देत असतात. मग बाबा सगळीकडे 'नो' करतात आणि सही ठोकतात. माझ्या एका पन्नाशीतल्या पेशंटला मी विचारलं, 'अहो, बीपीच्या प्रश्नाला नाही का लिहिलंत?' ते म्हणाले, 'डॉक्टर, बीपी होतं. आता नाही. गोळी चालू आहे ना!' या उत्तरावर काय बोलणार? छत्री उघडली म्हणजे पाऊस थांबला, असं झालं हे.

हे प्रश्न कोणी कारकुनानं वेळ घालवायला लिहिलेले नाहीत. प्रत्येक प्रश्नामागे पाण्यात घडलेलं काहीतरी वाईट आहे.

समुद्रात १० मीटर खाली गेलात की अंगावरचा दाब दुप्पट होतो. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. वर येताना उलटं. १० मीटरवर सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. हौशी माणसाला पहिल्यांदा नेतात ते जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, म्हणजे हा सगळा खेळ त्याच टप्प्यात होतो. तुम्ही नेहमीसारखा श्वास सोडत वर आलात तर जादाची हवा निघून जाते आणि काही होत नाही. पण घाबरून श्वास रोखून वर झेपावलात, तर ती हवा जाणार कुठे? फुफ्फुस फाटतं. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले तर माणूस पाण्यातून वर येतो तो अर्धांगाचा झटका घेऊनच.

आता दम्याचा प्रश्न का विचारतात ते पाहा. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि कफानं बुजतात. हवा आत जाते, बाहेर पडताना अडते. अशा माणसानं श्वास रोखला नाही तरी फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कोंडून राहू शकते. शिवाय सिलिंडरमधली हवा थंड आणि कोरडी असते. खारं पाणी घशात जातं, दमछाक होते. दमा उसळायला आणखी काय हवं? 'मला दमा नाही, नुसता पंप लागतो थंडीत' म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. प्रत्येक दमेकऱ्याला बंदी आहे असं नाही. आटोक्यात असलेल्या दम्याला तपासणीनंतर परवानगी मिळतेही. पण तपासणीनंतर!

'आम्ही स्कूबा नाही, फक्त सी वॉक करणार' असं म्हणणारेही भेटतात. डोक्यावर मोठं हेल्मेट चढवून ५ ते ७ मीटर खाली समुद्राच्या तळावर चालायचं. चालणं असो की पोहणं, दाब तोच असतो. कानाच्या पडद्याला तर अगदी पहिल्या एक-दोन मीटरमध्येच कळ लागते. सर्दीनं नाक चोंदलेलं असताना खाली गेलात तर कान आणि घसा जोडणारी नळी उघडत नाही. बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलत राहतो आणि पडदा फाटूही शकतो. चार तास एसी विमानात काढून सर्दी झालेला माणूस दुसऱ्या सकाळी थेट समुद्राच्या तळाशी, हा कार्यक्रम कोणी आखला?

स्नॉर्कलिंगला तर कुणी फॉर्मही विचारत नाही. तोंडात नळी, डोळ्याला मास्क, अंगात लाइफ जॅकेट, की झालं. पोहता येत नसलं तरी चालेल, अशी जाहिरात असते. हे सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, म्हणूनच यावर थोडं थांबतो.

गळ्यापर्यंत पाण्यात उतरलात की बाहेरून पाण्याचा दाब पडतो आणि पायातलं, पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं. थोडंथोडकं नाही, सुमारे अर्धा ते पाऊण लिटर. शरीराला वाटतं, रक्त फार झालं. म्हणून तर तलावात उतरल्यावर लघवीला लागते. तरुण, निरोगी हृदय हा जादा भार सहज पेलतं. पण वर्षानुवर्षं बीपी असलेलं हृदय ताठरलेलं असतं. त्यात नळीतून जोर लावून श्वास ओढायचा, लाटेशी झगडायचं. काही माणसांच्या फुफ्फुसात अशा वेळी पाणी उतरतं. हे बाहेरचं पाणी नव्हे, स्वतःच्याच रक्तातलं. धाप लागते, खोकला येतो, फेस येतो, आणि माणूस पाण्यातच गळतो. आरडाओरडा होत नाही, कारण तोंडात नळी असते आणि ओरडायला श्वास नसतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, काका निवांत मासे बघतायत. हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत स्नॉर्कलिंगचा वाटा मोठा आहे. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं. श्वास देत नाही. पाण्यात विनाकारण धाप लागली तर 'जरा दम खातो' म्हणून तिथेच थांबू नका. नळी काढा, पाठीवर व्हा, हात वर करा आणि बाहेर या.

आता टूरवाल्यांकडे वळतो. 'पाच रात्री, सहा दिवस' या गणितात एकही तास रिकामा राहिला की त्यांना चैन पडत नाही. बोट चुकली किंवा हवा बिघडली, की राहिलेलं स्कूबा शेवटच्या सकाळी ढकलतात आणि संध्याकाळी विमानात बसवतात. पाण्याखाली दाबानं नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतका असतो. दाब एकदम उतरला की सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं रक्तात होऊ शकतं. म्हणून एकदाच डुबकी मारली असेल तर किमान १२ तास, अनेकदा किंवा सलग काही दिवस मारली असेल तर किमान १८ तास उडायचं नाही, हा सर्वमान्य नियम आहे. तुमच्या टूरच्या पत्रकात हा नियम कुठे छापलाय का, ते शोधून बघा. नाश्त्यात काय आहे ते मात्र सविस्तर असतं.

बेट सुंदर दिसतं, कारण ते दूर असतं. आजारी पडल्यावरही ते तेवढंच दूर असतं. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, तिथून पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचं मोठं रुग्णालय बोटीनं दीड ते अडीच तासांवर आहे, तेही बोटीची वेळ असेल तर. मालदीवमध्ये एकेका बेटावर एकेक रिसॉर्ट. तिथली सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. मालेमध्ये भारताच्या मदतीनं उभं राहिलेलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल आहे, पण रात्री दोनला छातीत कळ आली तर तिथवर जायचं कसं? हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी दीड-दोन तासांत उघडली तर हृदय वाचतं, असं आम्ही सांगत असतो. इथे तेवढा वेळ स्पीडबोट शोधण्यात जाऊ शकतो. सहा महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेल्या आजोबांना 'हवापालट' म्हणून नेण्याआधी हा हिशेब घरच्यांनी मांडायला हवा. बहुतेक घरांत तो मांडला जात नाही, कारण ग्रुप डिस्काउंट आठ जणांवरच मिळतो.

त्यात विम्याचीही तीच गत. परदेशी जाताना ऑनलाइन विमा काढतात आणि 'आधीपासूनचे आजार' या रकान्यात पुन्हा तेच, 'नाही'. हप्ता दोनशे रुपयांनी कमी बसतो. मग तिथे दाखल व्हायची वेळ आली की हॉस्पिटल जुनी औषधं विचारतं, तुम्ही खरं सांगता, ते कागदावर येतं आणि दावा फेटाळला जातो. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. खोटं आपण लिहिलेलं असतं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सोडत नाही. फोनवर विनंती येते, आपण लेटरहेडवर 'शारीरिक व मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त' असं लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतो. कान पाहिला नाही, छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, फुंकर मारायला लावून दम मोजला नाही. कशासाठी तंदुरुस्त? बँकेत नोकरीसाठी की १२ मीटर पाण्याखाली जाण्यासाठी? दोन्हींना एकच कागद चालतो, यातच सगळं आलं.

मधुमेहींसाठी दोन शब्द जास्त, कारण तुमचा धोका पाण्यापेक्षा वाळूत आहे. बरीच वर्षं शुगर असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या वाळूवर अनवाणी फोटो काढताना चटका कळत नाही, संध्याकाळी फोड दिसतो. प्रवाळ पाय कापतं तेही कळत नाही. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. लिव्हरचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांच्या जखमेत ते शिरले तर पाय, प्रसंगी जीव, धोक्यात येतो. पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या, रोज रात्री आरशात तळवे पाहा. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आणि रात्री लाल सुजलेला पाय 'पुण्याला गेल्यावर दाखवू' म्हणून ठेवू नका.

ऊन आणि डास यांवर सगळेच लिहितात, मी थोडक्यात आटोपतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, सूर्य जवळजवळ डोक्यावर. (दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोकणातून तिथे ऊसमळ्यात राबायला गेलेल्या मराठी माणसांना हे ऊन कुणी विचारून दिलं नव्हतं.) बालीत याच काळात पावसाळा असतो. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होता ते न विचारता सांगा, आणि तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरं तापाचं किंवा अंगदुखीचं औषध मनानं घेऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेननं डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो.

नव्यानं लग्न झालेल्यांनो, पाळी चुकली असेल तर आधी टेस्ट करा. गर्भारपणात स्कूबा अजिबात नाही.

तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नको, निदान पंधरा दिवस आधी या. पाण्यात काय काय करणार ते सांगा. तो फॉर्म आधीच मागवून घ्या आणि कोरा आणा, आपण दोघं मिळून भरू. मी कान बघेन, बीपी बघेन, गरज वाटली तर ईसीजी आणि फुफ्फुसांची तपासणी करायला सांगेन. बऱ्याच जणांना खुशाल जा म्हणेन. काहींना नाही म्हणेन, आणि ते रागावतील. त्यांच्यासाठी अंदमानात काचेच्या तळाची बोट आहे. मासे तेच दिसतात.