शेजारच्या खुर्चीत कोण बसणार?

मोपच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमाने सुरू झाली आणि "मोठेपणी कोण होणार?" या प्रश्नाला आमच्या वर्गांतून "पायलट" हे उत्तर वरचेवर येऊ लागले. पूर्वी फार तर "बोटीवर जाणार" असे ऐकू यायचे. ज्यांच्या काजूच्या बागा आणि गुरे चारायची राने त्या पठारावर गेली, त्यांच्या मुलानातवंडांनी तिथूनच विमान न्यावे, असे आम्हांलाही वाटते. म्हणूनच पालकांशी एका गोष्टीबद्दल थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षी मिळू शकतो. त्यासाठी निदान ४० तासांचे उड्डाण लागते. विमान कंपनीत नोकरी हवी तर व्यावसायिक परवाना आणि २०० तास. खर्च लाखांच्या पटीत, म्हणजे अनेक घरांत जमीन तारण ठेवण्याची गोष्ट. पालक फी विचारतात, नोकरीची हमी विचारतात. मुलाच्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकवणार कोण, हे क्वचितच कोणी विचारतो.

आपल्या देशात विमान शिकवणाऱ्याकडे व्यावसायिक परवाना असावा लागतो, वर शिक्षकाची वेगळी पात्रता. ज्याचा पोटाचा धंदा दुसरा आहे आणि जो आवडीने उडतो, अशा हौशी वैमानिकाला ही खुर्ची मिळत नाही. ब्रिटनमध्ये मिळते. तिथे खासगी परवानाधारक जादा अभ्यास करून, परीक्षा देऊन शिक्षक होऊ शकतो. पुष्कळ वर्षे अशा शिक्षकाला मोबदला घ्यायची मनाईही होती.

हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ शहरात होत असेल. पेडणे-डिचोलीत तरी होऊ नये. आपल्या जत्रेचे नाटक हौशी मंडळीच उभे करतात, दिवसभराची कामे उरकून रात्री तालमी करतात आणि एकेक शब्द घासून घेतात. अर्थात नाटकात विसरलेले वाक्य विंगेतून सांगता येते, विमान उतरवताना तसे कोणी सांगत नाही. तेव्हा परीक्षा कडक हवी, याबद्दल आमचे दुमत नाही.

पण पगार मिळतो म्हणून माणूस हाडाचा शिक्षक ठरतो का? नवा परवाना मिळालेले कितीतरी तरुण विमान कंपनीचे बोलावणे येईपर्यंत शिकवतात, कारण शिकवताना स्वतःचे उड्डाणाचे तास वाढतात. बोलावणे आले की जातात आणि अर्धवट शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या हाती पडतो. त्यांना तरी दोष कसा द्यावा? त्यांच्याही डोक्यावर कर्ज असते. नुकसान मात्र विद्यार्थ्याचे. विद्यार्थी चुकतो आहे हे दिसत असूनही हात आवरून बसणे आणि नेमक्या क्षणी कंट्रोल स्वतःकडे घेणे, हे खरे शिकवणे. एके दिवशी शिक्षक खाली उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्याला वर पाठवतो. तो दिवस कोणता, हे ठरवायला त्या मुलाला चांगले ओळखावे लागते.

जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा इथले उड्डाण क्लबांच्या आणि हौसेच्याच आधारावर चालले होते. त्याच हौसेतून १९३२ साली कराची-मुंबई टपालसेवा निघाली. अनुभवी खासगी वैमानिक जर शिक्षकाची तीच परीक्षा उत्तीर्ण होत असेल, तर निदान खासगी परवान्यापुरते त्याला शिकवू द्यावे, असे आमचे मत आहे. जोडीला पूर्णवेळ शिक्षकाला टिकून राहावेसे वाटेल एवढे वेतनही द्यावे.

नियम बदलेपर्यंत पालकांनी एवढे करावे. साखळीहून चोर्ला घाट चढला की बेळगाव. तिथल्या सांबरा विमानतळावर प्रशिक्षण संस्थांसाठी २०२१ साली जागा देण्यात आली. तिथे जा, बारामतीला जा, कुठेही जा. पण पैसे भरण्यापूर्वी शिक्षकाला भेटा. इथे किती वर्षे आहात, माझ्या मुलाला शेवटपर्यंत तुम्हीच शिकवणार का, हे तोंडावर विचारा. विमाने किती आणि त्यातली चालू किती, हेही विचारा.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. दाबोळीला नौदलाचा तळ आहे. निवृत्त वैमानिक शोधायला लांब जावे लागू नये. दहावी-बारावीच्या मुलांसाठी त्यांच्यापैकी एखाद्याला शाळेत बोलवावे, आणि त्या दिवशी पालकांनाही बसू द्यावे.