श्रुतिकेला समीक्षक हवा

रंगभूमीवरील नाटकाला परीक्षण लाभते, चित्रपटालाही लाभते; श्रुतिका मात्र ऐकली न ऐकली तोच हवेत विरून जाते. ही उपेक्षा अन्यायाची आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे नियमित प्रक्षेपण १९८९ मध्ये थांबले. पुढे १९९९ पासून 'बिग फिनिश' या संस्थेने मूळ नटांच्याच आवाजात तिची ध्वनिनाट्ये काढली. पडद्यावर ती परतली २००५ साली. तिच्यातील कालयानाचा घरघराट मुळात पियानोच्या तारांवर किल्ली घासून निर्माण केला होता!

म्हणजे विज्ञानकथेला खर्चिक नेपथ्य लागत नाही. लागते ती कल्पकता. जयंत नारळीकरांनी मराठीत रुजविलेली ही कथा जेऊरसारख्या गावातील शाळाही आवाजांतून उभी करू शकेल. परंतु तिचे मोल कानानेच ठरविले पाहिजे. 'पाहा, दार उघडले' असे पात्राला सांगावे लागले, तर लेखक हरला; दार नुसते करकरले आणि श्रोता दचकला, तर जिंकला. विज्ञान कच्चे असेल, तर तेही समीक्षकाने स्पष्ट सांगावे. कौतुक नको, दयाही नको. श्रुतिकेला हवा आहे तो जाणता कान. शिक्षक-विद्यार्थ्यांनी तरी तो द्यावा.