गाडीत पोती चढतात का?

गेल्या शनिवारी भोरला मामाकडे गेलो होतो. भातलावणी नुकतीच उरकलेली, खाचरं पाण्यानं तुडुंब, आणि रस्त्याच्या कडेला पुण्याच्या गाड्यांची ही रांग! (त्यात आमचीही एक. उगाच साव कशाला व्हा?) प्रत्येकाला हिरव्या खाचरापुढे फोटो हवा होता. इंद्रायणी तांदूळ विकत घेताना मात्र कोणी दिसलं नाही.

आमच्या हाफिसातल्या एका मित्राची कल्पना अशी की, माथेरानसारखी छोटी गाडी भोर ते वेल्हे टाकावी. भाटघरचं पाणी, राजगड, तोरणा, मधे भातशेती... लोक तुटून पडतील! जेवताना मामाला हे ऐकवलं. त्यानं ताकाचा एक घोट घेतला आणि विचारलं, "काय रे, त्या गाडीत तांदळाची पोती चढतील का?"

मी हसलो. पण कात्रजचा बोगदा येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता.

कारण आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्या बऱ्याचशा पोत्यांसाठीच तर आल्या! बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनियरनं रूळ अडीच फुटी ठेवले आणि इंजिन असो वा डबा, चाकांच्या एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले. याला म्हणतात डिझाइन! विदर्भातली शकुंतलाही तशीच. वऱ्हाडातला कापूस मुर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत आणायला ती बांधली. यवतमाळ ते मुर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन.

पुढे काय झालं? बार्शीचा मार्ग ब्रॉडगेज झाला. हळहळ वाटते, पण ते योग्यच होतं. छोट्या गाडीतला माल जंक्शनवर उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवायचा, ही हमाली किती दिवस करणार? शकुंतलेचं मात्र धड ब्रॉडगेज नाही की धड जतन नाही. गाडी बंद, रूळ गंजतायत.

माथेरानची गाडी बघा. १९०७ सालची, २१ किलोमीटरला अडीच तासांच्या वर घेते. (गेल्या हिवाळ्यात बसलो होतो, पाठ अजून साक्ष देईल.) २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तरी २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा सुरू झाली. तिथे पर्यटक आहेत हे खरंच. पण दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत, त्यामुळे गाडी गावालाही हवी असते.

मग शेतातून जाणारी हौशी गाडी कुठे टिकलीच नाही का? टिकलीय. ऑनसाइटला असताना पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्ग रेलरोड पाहिली. लाइन जेमतेम ७ किलोमीटर, दोन्ही बाजूंना आमिश लोकांची शेतं, त्यात खेचरं नांगराला जुंपलेली. कंपनी १८३२ सालची. १९५८ मध्ये बंद पडायच्या बेतात असताना काही रेल्वेवेड्यांनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी पर्यटक आणले. मला आवडलं ते पुढचं. ही कंपनी आजही मालाचे डबे ओढते, आणि तिच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांची जुनी इंजिनं दुरुस्त होतात. रूळ मोठ्या लाइनीच्याच मापाचे, त्यामुळे वाघिणी थेट आत येतात. तिकिटाचा हंगाम संपला तरी काम संपत नाही.

म्हणून माझं मत असं: भोर-वेल्ह्यात रेल्वे कधी नव्हतीच. तिथे नवी खेळण्यातली गाडी टाकायची आणि तिला वारसा म्हणायचं, हे काही खरं नाही. डोंगर फोडायचे, खाचरं घ्यायची, आणि सोमवार ते शुक्रवार गाडी रिकामी! तेवढा पैसा असेलच तर तो शकुंतलेला द्या. आधी ब्रॉडगेज करा, कापूस-सोयाबीन चढू दे, यवतमाळच्या पोरांना कॉलेजला जाता येऊ दे. मग रविवारी त्याच रुळांवर वाफेचं इंजिन जोडा. रेवाडीच्या शेडमध्ये अशी चालती इंजिनं जपलेली आहेतच. आपण रांग लावून तिकिटं काढू.

असो. निघताना दहा किलो इंद्रायणी घ्यायचा ठरवला. मामा पैसे घेईना, म्हणून शेजारच्या काकांकडून घेतला. मामा अजून रुसलाय. पण पोतं गाडीत चढलं!