तिसऱ्या वर्षाआधीचे दार

बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबात सायंभोजन आटोपल्यावर एकच विषय निघतो. मुलगा असेल तर बी.कॉम., कारण पुढे पेढी त्यालाच सांभाळावयाची आहे. मुलगी असेल तरीही बी.कॉम., कारण हाती एखादी पदवी असावी. दोन्ही प्रसंगी उत्तर एकच, आणि दोन्ही प्रसंगी अभ्यासक्रमाचा विचार असा झालेलाच नसतो. कापडाचा तागा घेताना पोत, पन्हा आणि रंगाचा पक्केपणा पारखणारे हात प्रवेशाच्या अर्जावर मात्र न वाचता सही करून मोकळे होतात.

शिक्षणाविषयी समाजाला आस्था नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या दानातून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. गावोगावची जैन बोर्डिंगे आणि शिष्यवृत्ती निधी हीही त्याच परंपरेची साक्ष. तथापि दान देणाऱ्या घरातील मुलेच पदवी अर्धी टाकून गादीवर येऊन बसत, हेही तितकेच खरे. त्या काळी निदान अर्धवट राहिलेल्या शिक्षणाला अर्धवट म्हणत. आता त्यालाही नाव मिळाले आहे, आणि चिंता नेमकी तेथे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीची रचना बदलली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती 2024-25 पासून लागू झाली. या रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते. वर्षांचा हिशोब आता श्रेयांकांत होतो. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीस किमान 120 आणि चार वर्षांच्या पदवीस किमान 160 श्रेयांक लागतात. मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. जमाखर्च जाणणाऱ्या वाचकांना ही कल्पना समजण्यास अडचण येऊ नये.

मधल्या वर्षी बाहेर पडण्याची ही सोय आजारपण, आर्थिक अडचण, घरातील आपत्ती अशा प्रसंगांसाठी आहे. व्यापारी घरात मात्र दुकानाची हाक रोजचीच असते. दिवाळीचा हंगाम, मुनीमजींची निवृत्ती, दुसऱ्या शाखेचे उद्घाटन, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे ठरते. ‘दोन वर्षे झाली, पदविका मिळाली, पुष्कळ झाले’ हे वाक्य उद्या घराघरांत ऐकू येईल. परंतु दोन वर्षांची ही पदविका म्हणजे पदवी नव्हे. एम.बी.ए.चा प्रवेश, संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, बँकांतील अधिकारीपदे या सर्व ठिकाणी पदवीच विचारली जाते. शिवाय पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतरचे प्रमाणपत्र वा पदविकाही आपोआप मिळत नाही. त्यासाठी सुटीत चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम वेगळा पूर्ण करावा लागतो.

बाहेर पडलेल्यांस परतण्याची मुभा आहे, पण तिला मुदत आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घ्यावा आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी. मुलींच्या बाबतीत ही मुदत फार महत्त्वाची. दुसऱ्या वर्षात असताना साखरपुडा होतो, मुलगी नगरहून नाशिकला किंवा सांगलीहून हुबळीला जाते आणि ‘शिक्षण पुढे करू देऊ’ असे आश्वासन व्याही मंडळी मनापासून देतात. त्यानंतर नवे घर, पहिला चातुर्मास, नणंदेचे लग्न, बाळंतपण. आश्वासन कोणी मोडलेले नसते, मुदत मात्र सरून जाते. लग्नाची तारीख ठरविण्यापूर्वी सासरच्या गावी तिचा मुख्य विषय शिकविणारे महाविद्यालय आहे काय आणि तेथील विद्यापीठ तिचे श्रेयांक स्वीकारील काय, ही चौकशी वडिलांनी स्वतः करावी. देण्याघेण्याच्या बोलण्यात जितका वेळ जातो, त्याच्या दशांशात हे काम होते.

गावातच राहून दुकान पाहणाऱ्यांस दुसरा मार्ग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच कार्य करीत आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातून मिळालेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या शिकण्याचीही परवानगी आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात असतील तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, एवढीच अट. प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास त्या वर्षाची मान्यता आहे, हे मात्र पाहून घ्यावे.

सी.ए.चे आकर्षण समाजात जुने आहे आणि ते योग्यही आहे. आर्टिकलशिप जुलै 2023 पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाल्याने ओढा वाढेलच. चूक होते ती महाविद्यालयाकडे दुर्लक्ष करण्यात. फाउंडेशन परीक्षा दोन-तीनदा हुकते, आणि तोवर बी.कॉम. कसेबसे चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आलेले असते. वाणिज्य पदवीधराला फाउंडेशन वगळून थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो, पण पदवीस किमान 55 टक्के गुण असावे लागतात. अन्य शाखांच्या बहुतेक पदवीधरांस 60. ज्या पदवीला घरात ‘नावापुरती’ म्हटले गेले, तिच्याच टक्केवारीवर ती वाट अडते.

अभ्यासक्रमांच्या नावांनीही अलीकडे बराच गोंधळ घातला आहे. 2024 मध्ये बी.बी.ए., बी.एम.एस. यांसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि महाराष्ट्रात त्यांना सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली. तेव्हा मुंबईतील काही महाविद्यालयांनी तोच शिक्षणक्रम ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ या नावाने सुरू ठेवला. नावावरून भाळू नये, बिचकूही नये. सहाही सत्रांचे विषय मागवून वाचावेत.

विज्ञान शाखेतील काही मुली प्राणिशास्त्राकडे वळत नाहीत, त्यामागे जीवहिंसेची भीती असते. ती भावना आदरास पात्र आहे. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्येच प्राणिशास्त्र आणि जीवविज्ञानाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचे आदेश दिले, हे अनेक पालकांस ठाऊकच नाही. वैद्यकाचे व औषधनिर्माणशास्त्राचे नियम निराळ्या परिषदा ठरवितात, तेथे स्वतंत्र चौकशी हवी.

राहिला चौथ्या वर्षाचा प्रश्न. पेढीवर बसणाऱ्यास तीन वर्षे पुरतात. अध्यापन, संशोधन किंवा परदेशातील उच्च शिक्षण मनात असेल तर चौथे वर्ष घ्यावे. ऑनर्सनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते, तीन वर्षांच्या पदवीनंतर तिला दोन वर्षे लागतात. संशोधनासह ऑनर्स हवे असल्यास पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुणांची अट आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस जागे होऊन उपयोग नाही, पहिल्या सत्रापासूनच गुण राखावे लागतात. आणि महाविद्यालयात त्या विषयाच्या चौथ्या वर्षाची सोय आहे की नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच कार्यालयातील खिडकीवर विचारावे, शक्यतो मुलीला किंवा मुलालाच विचारू द्यावे.